बिनवासाची वसुधा

"अरे मेल्या, मी आहे मी! रोज तुला भात कोण कालवून घालतं?" वसुधा दारातच ओरडली. तिचा कुत्रा ढब्बू आठवडाभर तिच्यापासून लांबच राहत होता, पण आज त्याने चक्क दात विचकले.

तिने उंबऱ्याबाहेरूनच कुत्र्यांचा वास घालवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि ढब्बू आपल्याला ओळखत नसल्याचं सांगितलं.

"मॅडम, कुत्र्याच्या अंगाला वास येतो का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"छे! तुमचे जंतू अंगावर सोडल्यापासून तीन महिने आंघोळ नाही, तरी धुतल्यासारखा आहे."

"मग जंतू उत्तम काम करताहेत. तुम्ही त्याला कुरवाळता, म्हणून ते तुमच्याही अंगावर आलेत. आता तुमचाही वास खातात. कुत्रं वासानेच माणूस ओळखतं ना!"

"मग काढा ते!"

"निघत नाहीत, मॅडम. तीच तर आपली गॅरंटी."

वसुधाने कपाळावर हात मारून घेतला. तोवर ढब्बू आत जाऊन तिच्या नवऱ्याच्या, अच्युतच्या पायाशी बसला होता. घाण वास येतो म्हणून अच्युतने चार वर्षांत त्याला बोट लावलं नव्हतं. आज मात्र त्याने थोपटायला हात पुढे केला.

"हात लावू नका त्याला!" वसुधा दारातून किंचाळली. "घरात एक तरी माणूस त्याच्या ओळखीचं राहू दे!"