चौथं रोप

लेकीचा ताप उतरेना, म्हणून वालेला भावाला, तावोदीला, घेऊन डोंगर चढली. म्हातारी आईही निघाली होती; “या गुडघ्यांनी? घरीच बस,” म्हणत वालेलाने तिला अडवलं. तापावर मुळी उगाळून द्यायच्या जिनसेंगची पहिली तीन रोपं सोडायची, चौथं विनवून खणायचं आणि बदल्यात मणी पुरायचा, ही रीत. तिसरं सापडलं तेव्हा उन्हं कलली होती. “खण की! कोण बघतंय?” तावोदी करवादला. “रोप बघतंय, दादा. रागावलं तर गुण येणार नाही.” “पोर गेली तर? मामा आहे मी तिचा!” वालेला तिसऱ्याला हात न लावता पुढे सरकली. चौथं कुणीतरी आधीच खणून नेलं होतं. वालेला मटकन बसली. तावोदीने रागाने माती उपसली. निळा मणी वर आला, आईच्या माळेतला. “म्हातारी पोचली गं आपल्याआधी!” वालेलाने मणी पुन्हा पुरला आणि घराकडे धाव घेतली.