पदराआड

निपाणीच्या त्या साड्यांच्या दुकानात मालकांनी काउंटरच्या माथ्यावर असला कॅमेरा बसवला होता, की घरी बसून त्यांना कामावरच्या बायकांच्या मोबाइलमधली अक्षरंसुद्धा वाचता यायची. मनुबाईच्या मोबाइलवरचं घरचं भांडण त्यांनी गेल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत वाचून दाखवलं होतं. म्हणूनच छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मोबाइलवर आला, तरी तिथंच कामाला असलेली प्रणिता तो उघडेना. ती मोबाइल उचलते, कॅमेऱ्याकडं बघते आणि पुन्हा पालथा ठेवते, हे मनुबाईनं पाहिलं. एकही गिऱ्हाईक नसताना तिनं इरकल साडीची घडी मोडली आणि कॅमेऱ्याच्या तोंडासमोर पदर उंच पसरून उभी राहिली. कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून मालक खेकसले, “कुणाला दाखवतेस गं साडी?” “घडी बदलाय लागलेय मालक, न्हाईतर रेशीम चिरतंय!” पदराआड प्रणितानं रिपोर्ट उघडला. गाठ साधी होती. डोळे पुसत ती वळली, तर मनुबाईनं स्वतःची मानही दुसरीकडं फिरवलेली. “आक्का,” प्रणितानं मोबाइल तिच्यापुढं धरला, “तुमी वाचा की!”