दोन दिवसांचा केर

हॉटेलच्या बाथरूमचं दार आतून लावून आशयने आईला फोन केला. बाहेर कॉलेजचे मित्र हसत होते. "पोचलो गं ऑकलंडला," तो म्हणाला.

इस्लामपूरच्या घरातून निघताना, "अजून एक दिवस राहा की," असं आई म्हणाली होती. त्याने सांगितलं होतं, "विमानातच दोन दिवस जातात गं." खरं तर एवढा वेळ लागत नव्हता. ते दोन दिवस तो मुंबईतच होता, आणि त्याचं विमान आज रात्री सुटणार होतं.

"बरं झालं बाबा, कळवलंस. आता केर काढते."

"आत्ता, भर दुपारी?"

"तू गेल्यापासून काढलाच नाही. माणूस वाटेत असताना घर झाडू नये. काल शेजारच्या इंदूकाकू म्हणाल्या, पायाला किती कचकच लागतेय. म्हटलं, लागू दे, पोरगा अजून आभाळात आहे."

असल्या गोष्टींवर आशयचा विश्वास नव्हता. तरी तो घाईने म्हणाला, "आई, उद्या काढ ना."

"का रे? पोचलास ना नीट?"

"हो," तो म्हणाला.

फोन तसाच चालू ठेवून आई उठली. केरसुणीची सळसळ ऐकू येऊ लागली. दिवाणाखालून, दारामागून, सावकाश उंबऱ्यापर्यंत. आशय बेसिनला धरून ऐकत राहिला. तो तर अजून निघालाही नव्हता.