चार फेऱ्या

"ओडेसा प्रुइट, एकसष्टची तुकडी," असं व्यासपीठावरून पुकारलं आणि प्रार्थनाघराची घंटा वाजली.

ओडेसाबाई तिसऱ्या बाकावर पेपरमिंट चघळत बसल्या होत्या. स्वतःचंच नाव ऐकून गोळी घशात अडकायचीच बाकी होती. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात रविवारी सकाळी, वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारतात. ज्याचं माणूस गेलं त्याने उभं राहून त्याच्या वतीने 'हजर' म्हणायचं, असा अमेरिकेतल्या काळ्यांच्या त्या कॉलेजातला जुना रिवाज. ओडेसाच्या नावाला कोणीच उठेना. शेवटी बाईच उठल्या आणि म्हणाल्या, "हजर."

लोकांना वाटलं, बहीण असेल. शेजारणीने पाठीवरून हात फिरवला, रुमालही दिला.

अध्यक्ष गेन्स गुण गाऊ लागले. चाळीस वर्षं सुईणपण, दोन हजार बाळंतपणं, हातून एकही आई दगावली नाही. बाईंना भरून आलं. आजवर या कॉलेजने त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मग गेन्सनी लाल फितीत बांधलेली पदवीच बाहेर काढली. याच कागदासाठी बाईंचा साठाहून जास्त वर्षं जीव तुटत होता. आईने लोकांचे कपडे धुऊन त्यांची फी भरली होती. सगळे विषय झाले, फक्त पदवीला सक्तीची असलेली पोहण्याची परीक्षा राहिली, कारण त्या दिवशी बाई तुरुंगात होत्या. सुटून आल्या तर कॉलेजने घाबरून त्यांचं नावच काढून टाकलेलं.

बाई पुढे गेल्या, पदवी हातात घेतली आणि खरं ते सांगून बसल्या. मेलंबिलं कोणी नव्हतं. घर बदललं, कॉलेजची तीन पत्रं परत गेली, एवढंच.

कुलसचिव मेब्री लगबगीने आल्या आणि त्यांनी पदवीचं दुसरं टोक धरलं. पोहण्याची परीक्षा फक्त मेलेल्यांना माफ आहे, असं त्यांनी फार हळहळून सांगितलं. जिवंत माणसाने तलावात चार फेऱ्या मारायच्या, त्याही पदवीच्याच वर्षी, आणि वर अधिकाऱ्याची सही हवी. गेन्स कपाळ पुसू लागले. मागून कोणीतरी सुचवलं की बाईंनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेलेलंच राहावं.

"तू क्लिओराची थोरली ना?" बाईंनी मेब्रींना विचारलं. "पायाळू जन्मलीस. मीच ओढून काढलं तुला. अजून सगळं उलटंच करतेस."

मेब्री लाजल्या, पण पदवी काही सोडेनात. "मी तरी काय करू, ओडेसाबाई? नियमाला कागद लागतो."

"कागद आहे की."

बाईंनी पर्स उघडली आणि घड्यांवर विरलेला एक कागद गेन्सच्या हाती दिला. हा कागद त्यांनी आजवर प्रत्येक नातवंडाला दाखवला होता. गेन्सनी चष्मा लावला. माइक चालूच होता, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"अटक, मे एकोणीसशे एकसष्ट. ओडेसा प्रुइट, निग्रो, वय एकवीस. गोऱ्यांच्या तलावात उतरली. हाका मारूनही बाहेर आली नाही. चार फेऱ्या पोहली, पाचवीत पकडली."

खाली पोलीस अधिकाऱ्याची, शेरीफची सही होती, शिक्क्यासकट.