सगळं धरून

हॉस्पिटलात नर्स असलेल्या सिस्टरची भावाच्या घरी अंघोळ नेहमी सगळ्यांच्या शेवटी, गार पाण्याने व्हायची. तोवर भाचरांच्या हाका चालूच असायच्या, "आत्या, टॉवेल." शेवटी कंटाळून तिने एका बेडरूमची जागा भाड्याने घेतली, वीज, पाणी, गॅस सगळं धरून.

पण इथेही सकाळी उठावं तर गीझरचं पाणी संपलेलं, आरसा वाफेने धुरकटलेला, फरशी ओली. प्लंबर म्हणाला, गळती नाही. तिने कुलूप बदललं, आतून कडी लावली, तरी ये रे माझ्या मागल्या.

आठव्या सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून, बाथरूमच्या लोटलेल्या दाराशी उभं राहूनच तिने मालकीणबाईंना फोन लावला.

"काकू, मी एकटी राहते. माझं गरम पाणी जातं कुठे?"

"वापरा की हवं तेवढं. दोघींचं धरूनच भाडं सांगितलंय."

"दोघी कोण?"

"सिस्टर, सकाळी सकाळी माझी थट्टा करता होय?"

तेवढ्यात दार जरासं किलकिलं झालं. "आत्या, टॉवेल."

"एक दिवस स्वतः नेशील तर शपथ," सिस्टर वैतागून म्हणाली आणि सवयीने टॉवेल फटीत धरला.

ओल्या, गरम बोटांनी तो हळूच ओढून घेतला.