वाढत्या अंगाचा गणवेश

१९८२ साल. शनिवारची संध्याकाळ होती आणि शिंप्याची अकरा वर्षांची मुलगी दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर, हात पसरून उभी होती. अंगात सॉफ्टबॉलचा नवा गणवेश. शाळेच्या संघातल्या सगळ्या मुलींचे गणवेश तिच्या बापानेच शिवले होते आणि प्रत्येकीच्या अंगावर ते अगदी बेतल्यासारखे बसले होते. फक्त त्याच्या लेकीच्या गणवेशात आणखी एक मुलगी मावली असती.

"लोकांच्या मुलींना मापाचा आणि घरच्या लेकीला वाढत्या अंगाचा," कोपऱ्यात काज करत बसलेली आई म्हणाली. "चांगला न्याय आहे."

शिंप्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. त्याने सगळं मनाशी ठरवून ठेवलं होतं. यंदा शाळेचा संघ, मग जिल्हा, मग राज्य. कापड भारीतलं होतं. राज्यापर्यंत सहज टिकलं असतं.

पण गेल्या रविवारी लेक पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. डोळे मिटून फिरवलेली बॅट चुकून चेंडूला लागली, ती एका हाताने विजार सावरत धावत सुटली आणि निम्म्या वाटेत स्वतःच्याच पायघोळ विजारीत अडकून तोंडावर आपटली. समोरच्या संघातल्या मुली हसल्या असत्या तर चाललं असतं. आपल्याच हसल्या.

"लहान करून द्या, बाबा. नाहीतर उद्या मी जाणार नाही. उद्याही नाही आणि परत कधीच नाही."

"अगं, वर्षभरात उंची वाढेल तुझी. तेव्हा काय करशील?"

"तेव्हा तेव्हाचा शिवा."

शिंपी टाचण्या ओठांत धरून खाली वाकला. विजार वर धरून त्याने ती कुठवर येते ते पाहिलं आणि सोडून दिली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "उद्याचं काय ठरलं तुझं? खेळाच्या बाईंनी प्रत्येकीला एक गोष्ट ठरवायला सांगितली होती ना?"

"चेंडू आला की डोळे मिटायचे नाहीत."

तो वाट पाहत राहिला. "आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

"डोळे उघडे ठेवणं हे काय ठरवायचं असतं? डोळे तर आपली मांजरही उघडे ठेवते."

"तिच्या अंगावर कोणी चेंडू टाकत नाही," लेक म्हणाली.

आईने हसू दाबलं. शिंप्याने टाचण्या तोंडातून काढल्या. "बाकीच्या मुली होमरन म्हणाल्या असतील."

"म्हणाल्या. बाई त्यांना बरं म्हणाल्या. मला म्हणाल्या, तुझं होण्यासारखं आहे."

"होण्यासारखं," शिंपी पुटपुटला. त्याला तो शब्द फार लहान वाटला.

"अहो," आई सुईवरची नजर न हलवता म्हणाली, "दुकान उघडलंत तेव्हा तुम्ही कोट शिवणार होतात. पहिलं वर्ष उशांच्या खोळींत गेलं."

"खोळी सरळ शिवल्या मी. एकही परत आली नाही."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

त्याने विजारीची कड आत दुमडून पाहिली. मग तडजोड काढावी तसं म्हणाला, "आत दुमडून टीप मारतो. कापायला नको. पुढे लागलं तर उसवता येईल."

"दुमडलेलं जड होतं, बाबा. धावताना कळतं."

परक्यांच्या कापडावर त्याचा हात आजवर कधी अडला नव्हता. त्याने खडूने रेघ मारली, पुसली, परत तिथेच मारली. लेकीने टेबलावरून उडी मारली, पडद्यामागे जाऊन फ्रॉक घातला आणि गणवेश त्याच्यापुढे ठेवला. कात्री एकदा चालू झाली तेव्हा मात्र थांबली नाही.

रविवारी तो मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसला. लेक बॅट घेऊन उभी राहिली तेव्हा सगळा गणवेश कसा जागच्या जागी होता, ते त्याला दुरूनही दिसलं. पहिला चेंडू आला, बॅट फिरली, वाऱ्याशिवाय कशालाच लागली नाही. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्यालाही. तीन हुकले म्हणजे बाद; अंपायरने हात वर केला, आणि शिंपी मनातल्या मनात समजुतीची वाक्यं जुळवू लागला.

पुढे ती राज्यापर्यंत कधी गेली नाही. शाळा संपेपर्यंत दुसऱ्या बेसवर खेळली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत दर रविवारी लहान पोरींना खेळ शिकवत राहिली. खेळाच्या बाई बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेल्या. आईला चष्मा लागला, तरी काज तिनेच करायचे. दुसऱ्याचा काज तिला कधी पसंत पडला नाही. शिंपी म्हातारपणी खरोखरच कोट शिवायला लागला, आणि चांगले शिवायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी लेक बाद होऊन परत आली ती धावत आली, बाकाजवळ येऊन धापा टाकत उभी राहिली आणि बापाला तोंड उघडू न देता म्हणाली, "बाबा, मला शिवण दिसली. चेंडूवरची. तो फिरत येत होता आणि शिवणही त्याच्याबरोबर फिरत होती."

जुळवलेली वाक्यं शिंपी विसरून गेला. बाकावर थोडा सरकून त्याने तिला जागा करून दिली आणि हाताखालच्या कारागिराला विचारावं तसं गंभीरपणे विचारलं, "टाका कसला होता?"

तिने आठवून पाहिलं.

"ते नाही कळलं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बघते."