एका हातानं खाल्लेलं भरीत

दिवेलागणीपासून पोरगी रडत होती, आणि ती का रडतेय ते घरात एकट्या कामिनीला ठाऊक होतं.

दुपारी मळ्यात भरिताचा बेत झाला होता. जामनेरचे पाहुणे आलेले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, त्यात ठेचलेला लसूण आणि मिरच्या, वर कांद्याची पात. असोद्यात हिवाळा आला म्हणजे हे आलंच. पण कामिनी धुळ्याला माहेरी बाळंत होऊन नुकतीच सासरी आलेली. अंगावर पाजणाऱ्या बाईनं वांगं खायचं नाही, मिरची खायची नाही, आणि घरात केळीचे घड पडलेले असले तरी केळंसुद्धा खायचं नाही, बाळाला सर्दी होते म्हणे. सगळे मळ्यात गेले आणि तिच्या ताटात दुधीची भाजी आली. त्या भाजीची मिठाशीसुद्धा धड ओळख नव्हती.

मग उरलेल्या पुऱ्या आणि भरिताचं पातेलं घरी आलं. ते गॅसजवळ ठेवून घरची मंडळी पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. आता काय सांगावं, झाकण तिनं खरोखर वास घेण्यापुरतंच उचललं होतं. खांद्यावर पोरगी, त्यामुळे एकच हात मोकळा. त्याच हातानं पुरी मोडायची, त्याच हातानं भरीत उचलायचं, की घास तोंडात. उभ्याउभ्या. कानशिलं तापली, नाकातून पाणी आलं, आणि आपल्याला जीभ आहे हे तिला कित्येक दिवसांनी आठवलं. पोरगी खांद्यावर गाढ झोपलेली. डोहाळजेवणातल्या पंचपक्वान्नांनी दिलं नव्हतं एवढं सुख त्या चोरलेल्या घासांनी दिलं.

आणि आता हे रडणं. लताबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, नातीच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकलं. काही उपयोग नाही. कामिनीचा नवरा, नवीन, पोरगीला जळगावला दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी आणायला गेला. सासरे, नाना, बाहेर ओट्यावर नुसते येरझाऱ्या घालत होते. दुपारी काय जेवलीस, असं लताबाईंनी विचारलं तेव्हा तिनं दुधी आणि भाकरी सांगितली. खोटं काही नव्हतं त्यात. फक्त पुरतं खरं नव्हतं.

पोरगीनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि जीव खाऊन किंकाळी फोडली. आपल्या जिभेचे चोचले, आणि भोगतंय हे एवढंसं लेकरू. डॉक्टर काय ते औषध देतील, पण त्यांना खरं कोण सांगणार? ते न सांगता गाडीत बसायचं तिच्यानं होईना. सासूबाई काय म्हणतील, उद्या गावभर काय होईल, होऊ दे जे व्हायचं ते.

"आई, मी भरीत खाल्लं."

लताबाईंचा शेकणारा हात थांबला. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. कधी, किती, कशाबरोबर, सगळं विचारलं. कामिनीनं रडत रडत सगळं सांगितलं, अगदी पातेल्याच्या कडेचं बोटानं पुसून खाल्लं तेही, आणि बोलणी खायला मान खाली घालून उभी राहिली.

"लागलं का पन चांगलं?"

कामिनीनं वर पाहिलं. सासूबाईंचा चेहरा काही थट्टेचा नव्हता. तिनं मान डोलावली.

लताबाईंनी पोरगीला उचलून कामिनीच्या हातावर पालथी घातली. डोकं कोपरापाशी, पोट हातावर, पाय दोन्हीकडे सोडलेले. असंच धरून हळूहळू फिर, पाठीवर थोपट, घाबरू नको, म्हणाल्या. आणि तिच्या बरोबरीनं स्वतःही फिरत राहिल्या.

"नवीनबी लहानपनी असाच रडे. रोज, दिवा लागला की," त्या म्हणाल्या. "माह्या सासूनं भर अंगनात माहं तोंड उघडून वास घेतला. आजूबाजूच्या बाया पाहत उभ्या. मी वांग्याले हातबी लावला नव्हता व. मले कोनी इचारलं नही. नाना ओट्यावरच होते, ते एक शब्द बोलले नही. त्याच्यानंतर मी नुस्ती भाकर खाल्ली, तरी हा रडेच. लेकरं रडतात, बाई. मोठी होतात अन् थांबतात."

एवढं बोलताना त्यांचा आवाज कुठंच चढला नाही. कामिनीला मात्र त्या अंगणात उभी असलेली, आपल्याच वयाची बाई दिसत राहिली. हातातली पोरगी थोडी कण्हली, मग तिनं मोठा वारा सोडला. रडणं उतरत उतरत हुंदक्यांवर आलं, आणि थोड्या वेळानं तेही थांबलं. हातावर तिचं सगळं वजन सैल पडलं.

आवाज बंद झाला म्हणून नानांनी दार ढकलून आत डोकावलं. झोपली का, विचारलं. मग घरचा मोठा माणूस विचारतो तसं सहज विचारलं, सूनबाईनं वांगं-बिंगं तर खाल्लं नव्हतं ना.

कामिनी जागच्या जागी थांबली. लताबाई तिच्यापुढे आल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"नही. हिनं नही खाल्लं. अन् तव्हा मीबी नव्हतं खाल्लं."